घसाऱ्याचे अठरा लाख

कंपनीचा ताळेबंद वाचायला मी नऊ दिवसांत शिकलो. लोक त्यासाठी पाच-पाच वर्षं परीक्षा देत बसतात, पण त्यांच्या पाठीशी एसटीचा अनुभव नसतो. बारामती आगारात आधी कंडक्टर आणि मग वाहतूक नियंत्रक म्हणून मी चौतीस वर्षं काढली, आणि त्या चौतीस वर्षांत माझ्या हिशोबात कधी एक रुपया कमी पडला नाही. एकदा साडेअकरा रुपये कमी पडल्याची अफवा उठली होती, हे खरं आहे. पण ती उठवणारा माणूस आता आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहतो, तेव्हा तिच्याबद्दल आत्ता बोलत नाही.

सुरुवात झाली सिंधुवहिनींच्या फोनने. सिंधुवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन सहा वर्षं झाली. शेळगावात आमची दीड एकर पेरूची बाग आहे, ती त्या एकट्या बघतात आणि झकास बघतात. मी महिन्यातून एकदा जातो, "पाणी जरा जास्त होतंय" असं काहीतरी सांगतो, आणि पिशवीभर पेरू घेऊन परत येतो.

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "कोल्ड भाड्यानं देणार म्हणत्यात. कंपनी तोट्यात हाय म्हणं. त्येंचं पुस्तक आलंय घरी. तुमी शिकल्यालं हाय. जरा वाचून सांगा की, खरंच तोटा हाय का?"

कंपनी म्हणजे आमची फळवाल्यांची शेतकरी उत्पादक कंपनी. नाव सांगत नाही, संचालक मंडळात निम्मे पाहुणेच आहेत. सात वर्षांपूर्वी चारशेबारा जणांनी शेअर घेऊन ती काढली, त्यातले दहा शेअर माझे आणि दहा वहिनींचे. कर्ज आणि अनुदान मिळवून कंपनीने शेड उभी केली आणि त्यात एक थंड खोली बांधली, तिला सगळा गाव कोल्ड म्हणतो. कोल्ड नव्हता तेव्हा वहिनींचा तोडलेला पेरू दुसऱ्या दिवशी पिवळा पडायचा, आणि बांधावर आलेला व्यापारी म्हणेल त्या भावाला द्यावा लागायचा. कोल्ड झाल्यापासून माल आठवडाभर थांबतो, आणि भाव वहिनी सांगतात. ती खोली दहा वर्षं दुसऱ्याच्या ताब्यात गेली, तर वहिनी पुन्हा बांधावर उभ्या राहणार होत्या. एवढा सगळा मामला होता.

"कागद आहे ना? मग वाचतो की," मी म्हणालो. आमची बना, म्हणजे माझी बायको, शेजारीच शेंगा निवडत होती. तिने माझ्याकडे नुसतं बघितलं. गेल्या वर्षी मी मिक्सर दुरुस्त करतो म्हणालो होतो, तेव्हाही ती अशीच बघत होती.

अहवाल चोवीस पानांचा होता. कागद गुळगुळीत. सतरा पानांवर फोटो: चेअरमन महिपती तात्या दीप लावताना, तात्या नारळ फोडताना, तात्या पेरूकडे बघताना. मग सभेच्या विषयांची यादी, आणि शेवटी दोन पानं आकडे. मी जेवणाच्या टेबलावर वही, पट्टी आणि लाल पेन मांडलं आणि बनाला सांगितलं, कुणी आलं तर मी कामात आहे म्हणून सांग. कुणी आलं नाही.

पहिल्याच बैठकीत मी चोरी पकडली. ताळेबंदाला दोन बाजू असतात, एकीकडे देणी, दुसरीकडे मालमत्ता. दोन्हींची बेरीज रुपयाला रुपया सारखी! आता चौतीस वर्षं मी कंडक्टरांचे हिशोब बघितलेत. प्रामाणिक माणसाचा हिशोब चार-दोन रुपये इकडेतिकडे होतोच. ज्याचा पहिल्या फटक्यात तंतोतंत जुळतो, त्याने आधी जुळवलेला असतो. मी ही गोष्ट समोरच्या फ्लॅटमधल्या सुयोगला सांगितली. सुयोग औषध कंपनीत आहे आणि मोबाईलवर शेअर बाजार खेळतो, म्हणजे तसा जाणकार.

"काका," तो म्हणाला, "तो जुळतोच. जगातला प्रत्येक ताळेबंद जुळतो. नाही जुळला तर तो ताळेबंदच नाही."

"मला माहीत आहे," मी म्हणालो. "तुला माहीत आहे का ते बघत होतो."

मग सुयोगने मला तासभर सल्ला दिला. पीई बघा म्हणाला. कंपनी बाजारात नाही म्हटल्यावर बुक व्हॅल्यू बघा म्हणाला. प्रवर्तकांचा हिस्सा बघा, कर्जाचं प्रमाण बघा, आणि रोज सकाळी एक व्हिडिओ बघा, लिंक पाठवतो. एवढ्या बोलण्यात त्याने एक कामाची गोष्ट सांगितली. "खरी भानगड टिपांत असते काका. आकड्यांच्या मागे बारीक अक्षरात टिपा असतात. तुमच्या पुस्तकात त्या कुठंयत?"

पुस्तकात टिपा नव्हत्या. बहुतेक फोटोंनी जागा खाल्ली असावी.

दुसऱ्या दिवशी मी एसटीने कंपनीच्या ऑफिसात गेलो. तिथे शिवम नावाचा क्लार्क होता. वागायला फार गोड. त्याने मला चहा पाजला आणि सांगितलं की टिपा फक्त सभासदाला मिळतात.

"मी सभासदच आहे."

"व्हय, पण तसा दाखला लागंल."

"दाखला कोण देतं?"

"आपणच देतो की."

"मग दे."

"शिक्का सेक्रेटरीसायबांकडं असतो. ते भवानीनगरला साखरपुड्याला गेल्यात."

तिसऱ्या दिवशी सेक्रेटरी होते, पण शिक्क्याची शाई वाळली होती. चौथ्या दिवशी मी बारामतीहून शाईची बाटली घेऊन गेलो. तेव्हा शिवम म्हणाला, अर्जावर चेअरमनची सही पाहिजे, आणि तात्या इंदापूरला मीटिंगला गेलेत. मी इंदापूरला गेलो. तात्या तिथून निघाले होते, ते मला जातानाच वाटेत समोरून गाडीतून येताना दिसले. त्यांनी हात केला. मीही केला. एसटीच्या खिडकीतून अर्जावर सही घेण्याची सोय अजून झालेली नाही.

पाचव्या दिवशी मी ऑफिसच्या पायरीवर डबा उघडून जेवायला बसलो आणि शिवमला शांतपणे सांगितलं, की मला पेन्शन आहे, बीपी नाही, आणि संध्याकाळच्या गाडीपर्यंत दुसरं काम नाही. अर्ध्या तासात टिपांची झेरॉक्स मिळाली. एकवीस रुपये घेतले, पावती दिली. ती पावती मी जपून ठेवली आहे.

आणि त्याच दिवशी, परतीच्या गाडीत, मला घसारा सापडला.

नफा-तोटा पत्रकात खर्चाच्या बाजूला सगळी नावं ओळखीची होती. वीज, पगार, वाहतूक, व्याज, खोकी. आणि मध्येच: घसारा, अठरा लाख. एवढा मोठा आकडा दुसऱ्या कुठल्याच ओळीत नव्हता. शेवटी तोटा अकरा लाख. म्हणजे हा घसारा नसता तर तोटाच नव्हता! मी टिपा चाळल्या. विजेचं बिल कुणाला भरलं ते होतं, व्याज कुठल्या बँकेला दिलं ते होतं. घसारा कुणाला दिला, पावती कुठली, चेक नंबर काय, एक अक्षर नाही. मी लाल पेनाने त्या ओळीभोवती गोल काढला. इतका जोरात, की मागच्या पानावरही उमटला.

मी लगेच गाडीतूनच वहिनींना फोन लावला. "वहिनी, सापडलं. घसाऱ्याचे अठरा लाख. कुणाला दिले त्याची पावती नाही."

"अरं बापरं," वहिनी म्हणाल्या. "घसारा म्हंजी?"

"तेच तर विचारायचंय सभेत," मी म्हणालो.

मी फोनवर जरा मोठ्याने बोलतो, ही आगारातली सवय. गाडीत शेळगावची सात-आठ माणसं होती. भवानीनगर येईपर्यंत चार जणांनी मला जागा देऊ केली, आणि मी आधीच बसलेलो होतो. रात्रीपर्यंत गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्न आला: 'घसारा कुणी खाल्ला?' सकाळी तोच प्रश्न शेडच्या भिंतीवर चुन्याने लिहिलेला होता. मला सकाळपासून फोन. एक जण म्हणाला, घसारा म्हणजे तात्यांच्या पुण्याच्या फ्लॅटचं नाव आहे. दुसऱ्याने सांगितलं, तो घसाऱ्याला स्वतः ओळखतो, तो अकलूजकडचा आहे. आठव्या दिवशी गावातून निरोप आला, की मी येताना फेटा बांधायचा की तिथे, तेवढं कळवावं.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. निवृत्तीनंतर मला कुणी काही विचारलेलं नव्हतं. फक्त एक गोष्ट टोचत होती. तात्या गप्प होते. आरोप झाल्यावर माणूस चिडतो, खुलासा करतो, निदान निरोप तरी पाठवतो. तात्यांनी भिंतीवरचा चुनासुद्धा पुसला नाही.

"अहो," बना म्हणाली, "एकदा दादासो भावजींना विचारा की."

हे दादासो म्हणजे वरच्या मजल्यावरचे. आगारात हिशोब शाखेत होते. ते साडेअकरा रुपये कमी त्यांनीच दाखवले होते. सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हापासून आम्ही जिन्यात भेटलो तर एकमेकांच्या चपलांना नमस्कार करतो. पण सभा दुसऱ्या दिवशी होती. मी वर गेलो. एकवीस पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीवर मी थांबलो.

दादासोंनी दार उघडलं, कागद घेतले, चष्मा लावला आणि लाल गोल बघून विचारलं, "हे काय आहे?"

"चोरी," मी म्हणालो.

ते हसले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. म्हणाले, "मानसिंगराव, आगारात नवी गाडी आली की किंमत काय असायची?"

"असेल वीस-पंचवीस लाख."

"आणि दहा वर्षांनी मोडीत काढताना?"

"लाखभर."

"मग मधले चोवीस लाख कुणी खाल्ले?"

"कुणी कशाला खाईल? गाडी झिजली."

"तोच घसारा. यंत्र दरवर्षी झिजतं, तेवढा खर्च कागदावर धरतात. कुणाला द्यायचा नसतो. चेक नाही, पावती नाही. सगळ्या कंपन्यांच्या कागदात असतो." त्यांनी चष्मा काढला. "आणि ते साडेअकरा रुपये माझ्या बेरजेची चूक होती. नंतर सापडली. सांगायची राहून गेली."

सतरा वर्षं!  पण भांडायला तोंड कुठे होतं? उद्या मला चारशे माणसांपुढे हेच म्हणायचं होतं.

बना म्हणाली, ताप आला म्हणून कळवा. सुयोग म्हणाला, घसाऱ्याची पद्धत चुकीची आहे असं काहीतरी गोलमाल बोला, कुणाला कळणार नाही. दोन्ही सल्ले चांगले होते. पण वहिनींनी मला एक गोष्ट विचारली होती, आणि त्यांना मी खोटं उत्तर दिलं होतं. त्या उत्तरावर भरवसा ठेवून त्या बसल्या होत्या. मला रात्री जेवण गेलं नाही.

सभा शेडमध्येच भरली. आमच्याकडे वार्षिक सभेची एक रीत आहे. विषय वाचून व्हायच्या आत पुढच्या चार ओळी ओरडतात, "मंजूर!" आणि पुढचा विषय येतो. बारा विषय वीस मिनिटांत उरकतात. मग मसालेभात, मग सही करून भेटवस्तू. यंदा स्टीलचा डबा होता, झाकणाला क्लिप असलेला. सगळ्यांना दिसेल असा ढीग तात्यांच्या मागेच रचला होता.

मी शिरलो तशा टाळ्या पडल्या. फेटा बांधला गेला. मी नको म्हणत होतो, पण फेटा बांधणाऱ्याने ऐकलं नाही. तात्यांनी पहिले सहा विषय मंजूर करून घेतले आणि सातव्याला थांबले. कोल्ड दहा वर्षांच्या कराराने भाड्याने देणे. मग माझ्याकडे बघून गोड हसले. "सातव्यावर मानसिंगरावांचा प्रश्न हाय म्हणं. बोला मानसिंगराव."

तेव्हा मला कळलं ते गप्प का होते. त्यांना घसारा म्हणजे काय ते पक्कं माहीत होतं. मी विचारायचं, त्यांनी दोन वाक्यांत समजावायचं, लोकांनी हसायचं, आणि त्या हशात "मंजूर" होऊन जायचं.

मी माईक घेतला. "मंडळी," मी म्हणालो, "चूक माझी आहे. घसाऱ्याचे अठरा लाख कुणी खाल्लेले नाहीत. यंत्र झिजतं, त्याची किंमत कमी होते, ती कागदावर खर्च म्हणून धरतात. पैसे कुणालाच दिलेले नाहीत. मी नीट न वाचता बोललो. माफ करा."

 मग मागून एक जण ओरडला, "वाटा मिळाला वाटतं!" हशा पिकला. दुसरा म्हणाला, "फेटा काढून घ्या ह्येंचा!" माझे कान तापले. चौतीस वर्षं मी भरल्या गाडीत उभा राहिलो, पण इतक्या लोकांनी एकाच वेळी माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. पुढच्या ओळीने तोंडं उघडली होती, "मं" बाहेर पडलाच होता.

"थांबा की जरा," बायकांच्या बाजूने आवाज आला. सिंधुवहिनी उभ्या राहिल्या होत्या. पदर डोक्यावरून नीट केला आणि तात्यांकडे नाही, माझ्याकडे बघून विचारलं, "भावजी, अठरा लाख कुणालाच दिलं न्हाईत म्हंता?"

"नाही वहिनी."

"कागदावर तोटा अकरा लाखाचा."

"हो."

"अकराचा तोटा धरला तवा त्यात ह्ये न दिल्यालं अठराबी धरल्यात. मग ते काडून टाकलं, तर सात लाख उरलं पायजेत की." त्या बोटांवर मोजतसुद्धा नव्हत्या. "मग ते सात हायत कुठं?"

मी नऊ दिवस ते कागद उशाशी घेऊन झोपलो होतो. हा प्रश्न मला सुचला नव्हता, सुयोगला नाही, दादासोंनाही नाही. तात्यांचं हसू तसंच होतं, पण आता ते नुसतं चेहऱ्यावर राहिलं होतं. मी टिपा काढल्या.  बँकेतली शिल्लक: एक्केचाळीस हजार. मग टीप अकरा. तिच्यावर माझ्या चहाच्या कपाचा गोल उमटला होता, पण अक्षरं वाचता येत होती. मी माईकमध्ये वाचलं, जसे थांबे पुकारायचो तसं, एकेक शब्द तोडून. "संबंधित पेढीस दिलेली बिनव्याजी उचल. सात लाख दहा हजार. मागील वर्षी, शून्य." आणि पुढे पेढीचं नाव होतं. मी विषय सातचा कागद वर धरला. कोल्ड भाड्याने घेणाऱ्या पेढीचं नावही तेच होतं. ती कुणाची, हे मला वाचावं लागलं नाही. तात्यांचा मेव्हणा दुसऱ्या ओळीतच बसला होता. तो डब्यांच्या ढिगाकडे बघू लागला.

"म्हंजी," वहिनी म्हणाल्या, "कोल्डनं मिळवल्यालं पैसं पाव्हण्याला दिलं, आन कोल्ड तोट्यात हाय म्हणून कोल्डबी पाव्हण्यालाच. व्हय ना तात्या?"

तात्या "तांत्रिक बाब हाय" असं काहीतरी म्हणाले. ते पूर्ण ऐकू आलं नाही, कारण शेडमधून असा आवाज आला जो त्या सभेत कधी आला नव्हता. "नामंजूर!" पुढच्या चार ओळीसुद्धा ओरडल्या. सवयीने ओरडल्या असाव्यात, पण ओरडल्या.

उचल दिवाळीच्या आत परत आली. कोल्ड कंपनीकडेच राहिला. वहिनींचा पेरू तिथेच थांबतो, आणि भाव त्याच सांगतात. त्या दिवशी जेवणं झाल्यावर मी त्यांना कोल्डच्या दाराशी गाठलं. मला आभार मानायचे होते. माझा फेटा त्यांच्यामुळेच डोक्यावर राहिला होता. पण त्यांचं लक्ष मोटरकडे होतं.

"भावजी, ह्ये यंत्र अजून किती वरसं चालंल?"

"कागदावर चार वर्षं राहिलीत."

"मग नव्याचं पैसं आत्तापासनं बाजूला नको का टाकाया? त्या घसाऱ्याच्या नावानं जे उरतंय, त्येला येगळं खातं काडा. कुणाचाबी पाव्हणा आला तरी हात लागाय नको. तसा ठराव लिवा. आन सोपा लिवा, म्हंजी समद्यास्नी कळंल."

विशेष सभेत ठराव झाला. चर्चा झाली आणि मगच मंजूर म्हटलं गेलं. इतिवृत्ताची प्रत मला शिवमने स्वतःहून आणून दिली, दाखला न मागता. त्यात लिहिलं आहे: सूचक, श्रीमती सिंधुबाई. अनुमोदक, श्री. मानसिंग घसारा.

मी म्हणालो, अरे, हे माझं आडनाव नाही. शिवमने मान हलवली. म्हणाला, गावात सगळे हेच म्हणत्यात, दुरुस्ती करायची असंल तर अर्ज द्या. अर्जासोबत सभासद असल्याचा दाखला जोडायचा, त्यावर शिक्का लागतो, आणि शिक्क्याची शाई पुन्हा वाळली आहे.

मी दादासोंना दाखवलं. ते पहिल्यांदा हसले. मीही हसलो. आणि शिवमला सांगितलं, राहू दे, बरोबरच आहे.